सोन्याखालचा दगड

११ जानेवारी

पत्र लिहितेय म्हणजे राग गेला, असं समजू नकोस. राग आहे तिथेच आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला, म्हणून कागद घेतला. कागद मध्येच तोंड घालत नाही.

तुझा निरोप मिळाला. आत्या खालूनच ओरडत जिना चढून आली, "तुझ्या लेकीचा फोन होता गं! आई कशी आहे ते विचारलं नाही, दगड कसा आहे ते विचारलं!" मी म्हटलं, बापावर गेलीय. तेही दौऱ्यावरून फोन करायचे तेव्हा आधी लॅबच्या किल्लीची चौकशी व्हायची, मग माझी.

तर, तो शेवटचा तुकडा तुला हवा आहे. मिळणार नाही.

कारण लिहून ठेवते, उद्या कुणी म्हणायला नको की आईने उगाच अडवलं. शोकसभेत डायरेक्टर बोलत होते. तुझ्या बाबांना बर्फाच्या वाळवंटात ती उल्का कशी सापडली, मायक्रोस्कोपखाली तिच्यात मण्यांच्या माळांसारखे सूक्ष्मजीवांचे ठसे कसे दिसले, पृथ्वीबाहेरही एके काळी जीव होता हे त्यांनी जगाला कसं सांगितलं. लोक माना डोलावत होते. मी कितीतरी दिवसांनी सरळ बसले होते. आणि तू उठलीस. बाप जाऊन आठवडा व्हायचा होता, आणि भरल्या सभेत तू म्हणालीस, "हे सिद्ध झालेलं नाही. त्या माळा दगडातल्या नाहीत. फोटो काढण्याआधी दगडावर सोन्याचा थर चढवतात, त्या थराच्या आहेत. एक तुकडा अजून न फोडलेला आहे. तो सोनं न लावता तपासा."

मी पहिल्या रांगेतून म्हणाले, "आज तरी गप्प बस." तू दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने गेलीस. त्याला वर्ष उलटून गेलं.

त्या शब्दांबद्दल मी माफी मागणार नाही. तो दिवस तुझा नव्हता, माझा होता.

तुकडा संस्थेच्या तिजोरीत आहे, पण शोधणाऱ्याच्या वाट्याचा म्हणून त्याच्यावर हक्क तुझ्या बाबांचा होता, आता माझा आहे. माझ्या सहीशिवाय तो जागचा हलत नाही. डायरेक्टरांना तो संस्थेच्या दर्शनी हॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवायचा आहे. खाली पितळी पाटी. हॉललाही तुझ्या बाबांचं नाव देणार आहेत. मी हो म्हणणार आहे.

जेवत जा वेळेवर.

आई


२ फेब्रुवारी

तुझ्या चार ओळी मिळाल्या. त्यातली एक अशी: "आई, मी काय लिहिलंय ते तू एकदा तरी वाचलंस का?"

नाही वाचलं. आता वाचणार. आणि तू चुकीची आहेस हे तुझ्याच लिहिण्यातून काढून दाखवणार.

हसू नकोस. शाळा मी नववीत सोडली, वाचणं सोडलेलं नाही. तुझे बाबा टेबलावर टाकतील ते सगळं मी वाचायची. कळलं तर कळलं, नाही तर डोळ्यांना व्यायाम. त्यांना वाटायचं मी टेबल आवरतेय. एकदा जेवताना मी विचारलं, "उल्का आतून गार असते ना हो? बाहेरून जळते तरी?" तर घास हातात तसाच ठेवून माझ्याकडे बघत बसले. मग त्यांनी रात्रीचं जेवण थंड होईपर्यंत समजावलं. संसारात बाईला कशाकशाचा आनंद होतो, सांगून खरं वाटायचं नाही.

तुझा निबंध आणि त्यांचा निबंध, दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेत. उजव्या हाताला शब्दकोश. दिवसाला एक पान होतं, अवघड असलं तर अर्धं. आत्या म्हणते, "नवरा गेल्यावर बायका देव-देव करतात, ही दगड-दगड करतेय." म्हटलं, देव तरी कुठे पटकन उत्तर देतो.

आई


२३ फेब्रुवारी

सापडलं!

त्यांच्या निबंधाच्या सहाव्या पानावर आहे. दगडात अमिनो आम्लं मिळाली. ती म्हणजे काय ते मी शोधून काढलं. आपलं शरीर ज्यांनी बांधलंय त्या विटा. मग? विटा पडल्यात म्हणजे तिथे कुणीतरी घर बांधत होतं. विटा काही आपोआप भाजल्या जात नाहीत. यावर तुझं काय म्हणणं आहे, वकीलबाई? (तुझे बाबा तुला उगाच या नावाने हाक मारत नव्हते.)

उत्तर दे. आणि चार ओळींत नको.

आई


१४ मार्च

बरं.

तुझं उत्तर तीन वेळा वाचलं. या विटा आपोआपही भाजल्या जातात, तारे आणि धूळ आणि बर्फ एवढ्यावर त्यांचं भागतं, असं तू म्हणतेस. त्यांच्यात डावी आणि उजवी अशा दोन जाती असतात. सजीव फक्त डावी वापरतात. दगडात दोन्ही सारख्याच निघाल्या. म्हणजे तिथे कुणी निवड करणारं नव्हतं.

मी दोन दिवस चिडून होते. मग लक्षात आलं की हेच त्यांच्या निबंधातही लिहिलंय, माझीच नजर पुढच्या ओळीपर्यंत गेली नव्हती. आनंद झाला की माणूस वाचायचं थांबतो.

म्हणजे सगळा भार त्या मण्यांच्या माळांवर आला. मी पुन्हा मागे गेले, जिथे ते काय काय केलं ते ओळीने सांगतात. तो भाग मी वगळला होता, स्वयंपाकाच्या कृतीसारखा वाटला म्हणून. त्यात लिहिलंय की दगडातून वीज वाहत नाही, मायक्रोस्कोपमध्ये तो नीट दिसत नाही, म्हणून त्यावर सोन्याचा अगदी पातळ थर देतात. आणि पुढे: "पहिला थर असमान आल्याने प्रक्रिया पुन्हा करण्यात आली."

पुन्हा करण्यात आली.

मी निबंध मिटला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. त्या खिडकीला निळा रंग त्यांनीच दिलाय. मी म्हणत होते एक हात पुरे, आणि ते म्हणत होते, "एक हात म्हणजे काम नव्हे." दाराला दोन हात. तुझ्या सायकलला दोन हात, तिची घंटा त्यामुळेच वाजायची नाही. गच्चीच्या टाकीला दोन. या माणसाने आयुष्यात कशालाही एक हात मारून सोडलं नाही.

तुझ्या निबंधात आहे की थर जाड झाला तर त्याला घड्या पडतात आणि त्या घड्या मण्यांसारख्या दिसतात. हे वाचलं तेव्हा कळलं नव्हतं. आज सकाळी दूध तापवून ठेवलं, साय धरली, तिला सुरकुत्या पडल्या. त्या सुरकुत्या दुधात नसतात.

मी अजून काही मान्य केलेलं नाही. तुला फक्त कळवतेय.

आई


३० मार्च

काल संस्थेत गेले होते. डायरेक्टरांनी सहीला बोलावलं होतं. गाडी पाठवली, खुर्ची स्वतः ओढून दिली. वाईट माणूस नाही तो. तुझ्या बाबांच्या हाताखाली शिकला, आजारपणात आठवड्याला फळं घेऊन यायचा. त्या निबंधावर दुसरं नाव त्याचंच आहे, हेही खरं.

कपाट तयार आहे. आत मखमल, वरून दिवा. पाटीही करून आणली होती. मी तुझ्या बाबांच्या भिंगाने वाचली, "परग्रहावरील जीवसृष्टीचा पुरावा."

मी विचारलं, "पुरावा, की दावा?"

"वहिनी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दावा कळत नाही. पुरावा कळतो."

"आणि ह्या तुकड्याची तपासणी?"

"आता कशाला? जगात एवढा एकच तुकडा शिल्लक आहे, तोही फोडायचा?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमच्यासाठीच म्हणतोय."

मी म्हटलं, "मूठ माझ्या नवऱ्याची. तुम्ही झाकणारे कोण?"

त्याने पाटी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला की तपासणीत उलटं काही निघालं तर हॉलला नाव देता येणार नाही, समिती ऐकायची नाही. मी म्हटलं, "हॉलला दार आहे, खिडक्या आहेत. नाव नसलं म्हणून कुणी आत अडकून पडणार नाही."

सही न करता आले. गाडी नको म्हटलं, चालत आले. अर्ध्या वाटेत पाय दुखायला लागले, तेव्हा स्वतःवर चिडले.

आता नीट ऐक. ते मखमलीचं कपाट बघून मला काय झालं ते तुला सांगायचंय. दवाखान्यातून त्यांना शेवटचं घरी आणलं तेव्हासुद्धा मी रडले नव्हते, माहितीय तुला. तिथे त्या दिव्याखाली मला पहिल्यांदा वाटलं की हे लोक त्यांना पुरताहेत. तुझे बाबा रस्त्यात दिसेल तो दगड उचलून जिभेला लावून बघायचे. मी म्हणायची, "मीठ कमी पडलं का घरात?" त्या माणसाच्या दगडाला आता कुणी बोटही लावायचं नाही. प्रश्न विचारायचा नाही. समोर उभं राहून मान डोलवायची आणि पुढे जायचं.

आणि तुमची ती दर रविवारची भांडणं. फोन कानाला, आवाज टिपेला, "अगं पण थराची जाडी मोजलीय मी!" मी आत बसून धसका घ्यायची, की बाप-लेक तुटणार आता. फोन ठेवून यायचे, कान लाल, आणि ताटावर बसून दोन घास जास्त जेवायचे. मी त्याला भांडण समजत होते. त्यांची ती मेजवानी होती.

तुकडा मिळेल. अटी मी घालणार. पहिली, तो मखमलीवरून नाही, तिजोरीतून थेट निघेल. दुसरी, फोडला जाईल तेव्हा मी तिथे असेन. तिसरी, जे निघेल ते तू लिहिशील. जे निघेल ते. आत्ताच हो म्हण, नंतर मला कारणं नकोत.

आई


१९ एप्रिल

तुझं "हो" मिळालं. कामाचं सांगते.

समितीने आधी नाहीच म्हटलं. मी म्हटलं, मग माझ्या वाट्याचा दगड घरी द्या, मी त्याने दार अडवीन. वारं फार येतं. त्यावर एक वयस्कर सभासद हसले आणि बाकीच्यांना हसावं लागलं. शेवटी ठरलं: अर्धा तुकडा संस्थेत राहील, अर्धा तुझ्याकडे.

आत्या तीन दिवस बोलत नव्हती. चौथ्या दिवशी वर आली, दारातच उभी राहिली. "माझा भाऊ गेला. त्याचं एवढं एक मोठं नाव उरलंय. तेही तुम्ही मायलेकी मिळून पुसणार?"

"नाव पुसत नाही, वन्सं. तपासतोय."

"तपासून काय मिळणार तुला? खरं निघालं तर तो परत येणार आहे?"

मी तिला आत बोलावून चहा दिला. ती प्यायली, आणि उठताना म्हणाली, "हट्टी होता मेला. तू त्याच्या वरचढ." एवढ्यावर भागलं.

काल फोडला.

ते तुमचे चकतीवाले, दगडाच्या पातळ चकत्या कापून ज्यांचा जन्म गेला, तेच होते. मोठी काचेची पेटी, आतली हवासुद्धा गाळून घेतलेली, आणि भिंतीत बसवलेले लांब रबरी हातमोजे. बाहेरून त्यात हात घालायचे. आत छोटा शिकंजा, त्यात तो तुकडा, अक्रोडाएवढा. त्यांनी मला समजावलं की कापायचा नाही, दाबून तडकवायचा. कापलं की करवतीचा मळ लागतो. तडकला की आतली कोरी बाजू मिळते.

मी म्हटलं, "दांडा मी फिरवू का?"

"ताई, तुम्ही कशाला? तुटला की परत जुळत नाही हा."

"म्हणूनच."

त्यांनी डायरेक्टरांकडे पाहिलं. डायरेक्टर भिंतीकडे बघत होते. मी हात घातले. हातमोजे मोठ्या माणसाच्या मापाचे होते, बोटांची टोकं रिकामी लोंबत होती. दांडा फिरवला. काही झालं नाही. आणखी फिरवला. मला वाटलं नाहीच व्हायचं, आणि तेवढ्यात बारीक आवाज आला, भांड्याला चीर जाते तसा.

आतून तो काळा आहे. कोळशासारखा, मध्ये पांढरे बारीक दाणे. चकतीवाले म्हणाले, साडेचारशे कोटी वर्षांत या बाजूवर पहिल्यांदाच उजेड पडतोय. मग आम्ही सगळेच काचेशी वाकलो. डायरेक्टरसुद्धा काचेला नाक लावून उभे होते, विद्यार्थ्यासारखे.

तुझा अर्धा भाग सीलबंद निघाला आहे. डबा उघडण्याआधी हात धू, हे सांगायची गरज नाही, तरी सांगते.

आई


६ जुलै

तुझा निबंध आला, छापायला जाण्याआधीचा. मला दाखवायला पाठवलास, बरं वाटलं. पाच दिवस घेतले वाचायला.

काय निघालं ते मला समजलं. सोनं लागत नाही अशा तुमच्या नव्या मायक्रोस्कोपखाली, बाबांना माळा दिसल्या तसल्याच बारीक खड्ड्यांत पाहिलं. माळा नाहीत. मग त्याच जागेवर एक थर दिला, तरी नाहीत. दोन थर दिले, आणि माळा आल्या. हुबेहूब. तू दोन्ही फोटो शेजारी ठेवलेस. त्यांचा आणि तुझा. मला ओळखता येईना कुठला कुणाचा.

मी तयारी करून बसले होते, तरी ते फोटो पाहिल्यावर उठून घरभर फिरले. त्यांनी वीस वर्षं त्या माळांवर काढली. त्यांच्या झोपेत त्या असायच्या. एकदा तापात मला म्हणाले होते, "आपण एकटे नाही आहोत गं." मी कपाळावरची पट्टी बदलत म्हटलं होतं, "नाहीच मुळी, मी आहे ना." वेगळ्या गोष्टी बोलत होतो आम्ही. असो.

आता माझी तक्रार.

हे सगळं तू अकराव्या पानावर, तळटीपेत, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंस. आणि पहिल्या पानावर काय? "नमुन्याच्या मर्यादा पाहता, या उल्केत प्राचीन जीवसृष्टीची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही." त्याखाली तुझे बाबा "द्रष्टे संशोधक". द्रष्टे? घरात स्वतःचा चष्मा सापडायचा नाही त्यांना.

मला एक सांग, हेच दुसऱ्या कुणाचं काम असतं तर हे वाक्य लिहिलं असतंस? शक्यता नाकारता येत नाही, हे कुठल्याही दगडाबद्दल म्हणता येतं. माझ्या खिडकीतल्या कुंडीबद्दलही म्हणता येतं. प्रश्न कुंडीचा नाही. प्रश्न होता, त्या माळा सूक्ष्मजीवांच्या आहेत का. तू तपासलंस. तुला उत्तर माहीत आहे. मग लपतेस कुठे?

मला कळतंय तू हे का केलंस. माझ्यासाठी केलंस. आई एकटी असते, वयही झालंय, कशाला आणखी. डायरेक्टर पितळेची पाटी करत होता, तू कागदाची केलीस. त्याच्यापेक्षा तुझी जास्त मऊ आहे, एवढाच फरक.

बाप जिवंत होता तेव्हा तू त्याला एक शब्द सोडला नाहीस. चुकलात म्हणून तोंडावर सांगितलंस, आणि तोही तुला तसंच सांगायचा. माणूस जिवंत असतो तेव्हा लोक त्याच्याशी वाद घालतात, गेला की सांभाळून घेतात. मला ते नकोय. ज्या दिवशी तूसुद्धा त्यांना सांभाळून घ्यायला लागशील, त्या दिवशी ते खरे गेले असं मी धरीन.

त्यांनी काही लपवलं नव्हतं. दुसरा थर दिला हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं, म्हणून तर तुला ते करून पाहता आलं. चुकलेल्या माणसाने आपली वाट इतकी नीट दाखवून ठेवलीय, तर त्या वाटेने जाणाऱ्याने शेवटी पोचलो असं म्हणायला काय हरकत आहे? तळटीप उचल आणि पहिल्या पानावर आण. द्रष्टे काढ. त्यांचं नाव चुकीच्या शेजारी ठेव, पूर्ण नाव, आडनावासकट.

डायरेक्टरांना मी स्वतः सांगितलंय. हॉलला नाव मिळणार नाही, हे त्यांनीही मला स्वतः सांगितलं. आत्याला सांगायचं बाकी आहे. ती रडेल, मग मला बोलेल, मग जेवायला थांबेल. ते मी बघून घेईन.

तुमच्या भाषेत ते वाक्य कसं लिहायचं, ते तू ठरव. माझ्या भाषेत असं होतं: माझ्या नवऱ्याला एका दगडात जीव दिसला. तिथे तो नव्हता. बघणारा मात्र होता.

यातलं शेवटचं वाक्य छापू नकोस. ते माझं आहे.

आई